काट्याला अर्थच नव्हता : नाना पेठेतल्या मीटरवाल्या काकांचा अनुभव

आधीच सांगतो, गाड्यांचे मीटर दुरुस्त करणारं पुण्यातलं दुकान आहे, पण नाव देणार नाहीये. काकांनीच बजावलंय, "नेटवर नाव टाकू नका हो, लोक नुसते फोन करून रेट विचारतात आणि माझं हातातलं काम राहतं." त्यामुळे खूण सांगतो तेवढ्यावर भागवा. नाना पेठ, क्वार्टर गेटकडून आत शिरलात की स्पेअर पार्टची दुकानं सुरू होतात, तिथे कुठल्याही दुकानात "मीटरवाले काका कुठे बसतात" म्हणून विचारलं की हात करून दाखवतात. दुकान म्हणजे एक शटर, आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं, आणि भिंतीवर खिळ्यांना लटकवलेले जुने स्पीडोमीटर. देवळात घंटा लटकवतात तसे.

गाडी 2004 ची, पेट्रोल, बाबांनी घेतलेली. दोनदा रीपासिंग झालंय आणि दर दिवाळीला घरात "आता काढून टाक ती" हा विषय निघतो. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण वीस वर्षांनी मीटर बिघडला तर कंपनीला बोलण्यात काही अर्थ नाही. (हा अर्थ शब्द लक्षात ठेवा, पुढे येणारे.)

तर झालं असं की जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यापासून गाडीतलं पेट्रोल चोरीला जायला लागलं. म्हणजे मला तसं वाटत होतं. रोज संध्याकाळी ऑफिसहून येताना काटा पाव टाकीच्या वर असायचा, मी गाडी पार्किंगला लावायचो, आणि सकाळी चावी फिरवली की काटा खाली, जवळपास रिझर्व्हला. एक दिवस झालं, सोडून दिलं. दुसऱ्यांदा झालं तेव्हा टाकीखाली वाकून बघितलं, गळती नाही, वास नाही, फरशीवर डाग नाही. तिसऱ्यांदा झालं तेव्हा मी सरळ पंपाच्या बाहेरच्या दुकानातून कुलूपवालं झाकण आणून टाकीला बसवलं आणि सोसायटीच्या ग्रुपवर एक खोचक मेसेज टाकला, की बी विंगच्या पार्किंगमध्ये रात्री कोण असतं यावर कमिटीने लक्ष द्यावं. वॉचमन मामांनी दुसऱ्या दिवसापासून माझ्याशी बोलणं सोडलं. त्यांचं बरोबरच होतं, ते नंतर कळलं.

कुलूप लावूनही पेट्रोल "जातच" होतं. त्यात आणखी एक प्रकार सुरू झाला. बाणेरहून बायपासने धायरीला येताना टेम्परेचरचा काटा वर चढायचा. एकदम लालमध्ये नाही, पण नेहमी निम्म्याच्या जरा खाली उभा असणारा काटा पाऊणपर्यंत जायचा आणि तिथेच थांबायचा. हे बघून माझी तंतरली. गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं, पाऊस चालू, वाफ नाही, पाणी रिझर्व्ह बाटलीत बरोबर रेषेवर, फॅन लागतोय आणि बंद होतोय. सगळं नॉर्मल. पण काटा पाऊणवर आहे तर विश्वास कसा ठेवायचा? हे मात्र मी बरोबरच केलं असं काकाही म्हणाले, काटा वर गेला की आधी खरंच समजायचं, गाडी थांबवायची, बॉनेट लांबूनच उघडायचं, गरम असताना रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही. मीटर खोटा आहे ही शंका घ्यायची ती नंतर, गाडी थंड झाल्यावर.

मग गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. कुठल्या ते सोडा. सकाळी दहाला दिली, संध्याकाळी पाचला फोन आला, सर आम्ही दिवसभर बघितली, गाडी गरम होत नाहीये, पण सेफ साइड म्हणून थर्मोस्टॅट आणि टेम्परेचर सेन्सर बदललाय आणि कूलंटही नवीन टाकलाय. 3,850 रुपये. ठीक आहे म्हटलं, जुनी गाडी आहे, कूलंट बदलायचाच होता. तिथून गाडी बाहेर काढली, अंधार पडायला लागला होता, लाइट लावले, आणि वारज्यापर्यंत येईस्तोवर काटा पाऊणवर. परत नेली. आता म्हणाले, सर मग हे मीटरचंच आहे, पूर्ण क्लस्टर (डॅशबोर्डवरचा सगळ्या काट्यांचा अख्खा संच) बदलावं लागेल, 11,800, ऑर्डर टाकून पंधरा दिवस, आणि किलोमीटर शून्यापासून सुरू होतील. मी विचारलं, नक्की क्लस्टरच खराब आहे का, तर उत्तर काय, "बदलून बघू सर." बारा हजार रुपये घालून बघू!

म्हटलं आपण स्वतः बघू. तपकीर गल्लीतून साडेतीनशेचा मल्टिमीटर आणला, रविवारी सकाळी पार्किंगमध्ये बसलो. बॅटरी 12.6 व्होल्ट, गाडी चालू केल्यावर 14 च्या आसपास, म्हणजे अल्टरनेटर चांगला. फ्यूज एकेक काढून बघितले, सगळे शाबूत. दोन्ही काटे अगदी शहाण्यासारखे वागत होते. चार तास घालवले आणि बिघाड सापडायचं जाऊदे, दिसला पण नाही. आता तुमच्यापैकी जे हुशार आहेत त्यांना एव्हाना कळलं असेल, मला नव्हतं कळलं.

शेवटी कळस झाला तो जुलैमध्ये. रात्रीचे साडेआठ, धो धो पाऊस, बायपासवर मुठेवरचा पूल ओलांडला आणि गाडीने दोन गचके दिले आणि बंद. काटा पाव टाकी दाखवतोय, म्हणून पेट्रोलची शंकाच आली नाही. मला वाटलं गरम होऊन इंजिन बसलं, कारण शेजारचा काटा पाऊणवर! म्हणजे एक काटा म्हणतोय पोटभर आहे आणि दुसरा म्हणतोय ताप आलाय, आणि दोघेही खोटारडे. टो करणारा आला, त्याने टाकीचं कुलूप उघडायला लावलं, गाडी हलवली आणि म्हणाला, साहेब टाकी कोरडी आहे. आठशे रुपये घेतले त्याने. देताना वाद पण घातला नाही, एवढी लाज वाटत होती.

त्याच टोवाल्याने काकांचा पत्ता दिला.

शनिवारी अकराला गेलो. पार्किंगबद्दल आत्ताच सांगतो, नाना पेठेत शनिवारी चारचाकी लावायला जागा शोधणं म्हणजे वेगळा उद्योग आहे. गल्लीत टेम्पो, हातगाड्या, बंपर डोक्यावर घेऊन चाललेली माणसं, त्यात आपण. तीन चकरा मारल्या. काकांच्या पोराने (पोरगा म्हणजे चाळिशीचा असेल, पण काका त्याला पोरगाच म्हणतात) शेवटी दोन स्कूटर सरकवून जागा करून दिली. काम गाडीवर असेल तर शनिवार टाळा, मधल्या वारी जा. आणि साडेदहाच्या आधी शटर उघडत नाही.

काकांनी गाडीकडे न बघता पहिला प्रश्न विचारला, "दिवसा होतं का रात्री?"

मी म्हणालो संध्याकाळी येताना होतं, ऑफिसहून.

"सकाळी जाताना?"

"नाही."

"म्हणजे लाइट लावल्यावर."

आणि मी तिथे गप्प. दीड महिना मी ट्रॅफिक, पाऊस, चोर, उंदीर सगळ्यांवर संशय घेतला, आणि लाइटचं बटण माझ्याच हातात होतं. सकाळी लाइट बंद म्हणून काटा खरं सांगायचा, रात्री लाइट चालू म्हणून जास्त दाखवायचा, आणि मी त्या दोन आकड्यांमधल्या फरकाला चोरी म्हणत होतो. सर्व्हिस सेंटरने दिवसभर गाडी बघितली ती पण दिवसाच.

पण काकांची खरी गंमत पुढे आहे. ओळखलं म्हणून लगेच डॅशबोर्ड उचकटला नाही. म्हणाले, दोन्ही काटे एकदम वर जातात म्हणजे टाकीतला पेट्रोल मोजणारा फ्लोट आणि इंजिनचा सेन्सर दोघं एकाच दिवशी खराब होणार नाहीत, दोघांचं काहीतरी सामाईक आहे ते बिघडलंय, एकच काटा चुकत असता तर मी आधी मागच्या सीटखाली गेलो असतो. पण खात्री केल्याशिवाय हात लावायचा नाही. "तपासायचे तीनशे, सापडो न सापडो." हे ऐकून मला जरा खटकलं होतं, खरं सांगतो. सर्व्हिस सेंटरला बघायचे पैसे नसतात, इथे नुसतं बघायचे तीनशे? पण म्हटलं आता आलोय तर होऊदे.

पहिले इन्फ्रारेड गन घेतली आणि इंजिन तापल्यावर थर्मोस्टॅटच्या तोंडाशी धरली. 88 डिग्री. मग लाइट लावायला सांगितले, काटा सावकाश चढत पाऊणवर गेला, परत गन धरली, 88 च. "इंजिन ठणठणीत आहे, आता निवांत बसा." ती गन बाजारात हजार-बाराशेला मिळते असं पोरगा म्हणाला, मी ती घ्यायच्या विचारात आहे, आणि बायकोने आधीच नाही म्हटलंय.

मग मागची सीट उचलली, खालचं पत्र्याचं झाकण काढलं, फ्लोटचा कपलर (वायरी जोडतात तो सॉकेट) सोडवला आणि त्याला स्वतःचा एक डबा जोडला. हा डबा बघायलाच लोकांनी जावं. जुना स्टीलचा जेवणाचा डबा, झाकणाला भोकं पाडून तीन खटके बसवलेत, त्यावर मार्करने लिहिलंय रिकामी, अर्धी, फुल. आत नुसते रेझिस्टन्स. टाकीतला फ्लोट म्हणजे तरी काय, पेट्रोलवर तरंगणारा एक गोळा, त्याला दांडी, दांडीला पत्ती, आणि ती पत्ती रेझिस्टन्सच्या पट्टीवर घासत पुढेमागे होते. मीटरला टाकी दिसत नाही, त्याला फक्त ओहम, म्हणजे रेझिस्टन्सचं माप, कळतात. कुठल्या गाडीत रिकाम्या टाकीला ओहम जास्त, कुठल्या गाडीत उलटं, त्यामुळे एका गाडीचा फ्लोट दुसरीत टाकला की काटा उलटा चालतो. माझ्या गाडीत रिकामीला शंभराच्या वर आणि फुलला अगदी दोन-चार. तर काकांनी "अर्धी" चा खटका दाबला, लाइट बंद, काटा बरोबर अर्ध्यावर. मला लाइट लावायला सांगितले. काटा हळूहळू निघाला, आणि पाऊण टाकीवर जाऊन थांबला.

पेट्रोलचा एक थेंब नाही, टाकीचा संबंध नाही, डब्यातला रेझिस्टन्स तोच, आणि मीटर म्हणतोय पाव टाकी वाढली. सीट खाली टाकली. फ्लोट सुटला निर्दोष.

शेवटी मल्टिमीटर. एक वायर बॅटरीच्या मायनसला लांबलचक तार लावून, दुसरी मीटरच्या मागे कपलरमधल्या काळ्या वायरला. लाइट बंद असताना 0.1. लाइट लावले की 1.8 व्होल्ट. काका माझ्याकडे वळून म्हणाले, "साहेब, तुमच्या काट्याला अर्थच नाही." अर्थ म्हणजे अर्थिंग, करंट गाडीच्या बॉडीतून बॅटरीच्या मायनसला परत जायची वाट.

आता हे का होतं ते त्यांनी चहा पिता पिता सांगितलं, आणि मला पहिल्यांदा नीट कळलं, म्हणून लिहितो. माझ्या गाडीचे काटे जुन्या पद्धतीचे आहेत, आत दोन धातूंची चिकटवलेली पट्टी, तिच्यावर बारीक तार गुंडाळलेली. करंट गेला की तार तापते, पट्टी वाकते, काटा ढकलते. म्हणून चावी फिरवल्यावर काटा टुणकन उडत नाही, आळसावल्यासारखा चढतो. आता बॅटरीचे व्होल्ट तर सारखे कमीजास्त होत असतात, मग काटा पण नाचेल, म्हणून मीटरच्या मागे एक छोटा रेग्युलेटर असतो जो दोन्ही काट्यांना ठरावीक सात व्होल्ट देतो. हे सात व्होल्ट मोजायचे कुठून? मीटरच्या स्वतःच्या अर्थपासून. आणि मीटरमधल्या उजेडाचे चार बल्ब पण त्याच अर्थवर. अर्थचा स्क्रू गंजला, करंटला वाट अरुंद झाली, की बल्ब लावल्याबरोबर तो सगळा करंट तिथे तुंबतो आणि मीटरची जमीनच पावणेदोन व्होल्ट वर उचलली जाते. टाकीतला फ्लोट आणि इंजिनचा सेन्सर मात्र खाली बॉडीवर आणि इंजिनवर उभे आहेत, त्यांना सातच्या जागी पावणेनऊ व्होल्ट मिळतात. पट्टी जास्त तापते, दोन्ही काटे वर. काका म्हणाले, पोराची उंची मोजताना त्याला पाटावर उभं केलं तर पोरगं वाढलं असं म्हणायचं का?

मग क्लस्टर बदललं असतं तर? मी विचारलं. काका हसले नाहीत सुद्धा. काळी वायर गाडीच्या हार्नेसमधली (वायरींच्या जुडग्यातली) आहे, ती आणि तो स्क्रू तिथेच राहिले असते, नव्या मीटरने पण संध्याकाळी हेच सांगितलं असतं. फक्त किलोमीटर शून्य झाले असते आणि उद्या गाडी विकायला काढली की गिऱ्हाईक म्हणालं असतं मीटर फिरवलाय.

आणि ऐका, 3,850 च्या बिलातला तो सेन्सर. माझ्या गाडीत टेम्परेचरचे दोन सेन्सर आहेत, दोन वायरवाला कॉम्प्युटरसाठी, आणि एक वायरवाला फक्त काट्यासाठी. त्यांनी बदललेला दोन वायरवाला होता. काट्याचा सेन्सर 2004 चाच आहे, वर धुळीसकट.

बिघाड सापडला डाव्या बाजूला, ग्लव्ह बॉक्सच्या खाली, बाजूच्या प्लास्टिकच्या कव्हरच्या आत. कव्हर काढलं तर आत मातीचा ओला थर आणि झाडाची दोन कुजलेली पानं, समोरच्या काचेखालच्या जाळीतून पावसाचं पाणी तिथे झिरपत होतं. कधीतरी कुणीतरी म्युझिक सिस्टिम बसवताना त्याच स्क्रूखाली स्वतःची एक वायर नुसती पीळ मारून दाबली होती, त्यावर टेप, टेपचा चिकट डिंक झालेला. काकांनी स्क्रू काढून माझ्या हातावर ठेवला. त्याखालची थिंबल (वायरच्या टोकाला असते ती धातूची कडी) पकडीने धरली तर बिस्किटासारखी तुटली, आत तांब्याची तार हिरवी आणि पावडर. वीस वर्षं सगळा मीटर त्या हिरव्या पावडरीवर उभा होता.

काम अर्ध्या तासाचं. सडलेली वायर मागे चांगलं तांबं लागेपर्यंत कापली, नवीन तुकडा सोल्डर करून जोडला, थिंबल दाबून मग तिलाही सोल्डर, बॉडीचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत घासला, बोल्ट नवीन, वरून ग्रीस. म्युझिकची वायर वेगळ्या जागी नेली. शिवाय मीटरपासून एक जादाची अर्थ वायर दुसऱ्या बोल्टला. परत मल्टिमीटर, लाइट लावून 0.05. डबा लावला, "अर्धी" चा खटका, लाइट चालू, बंद, चालू. काटा अर्ध्यावर ढिम्म.

मीटर हातात आलाच होता तर काकांनी मागून एक बल्बचा होल्डर फिरवून काढला आणि दाखवला, आत बल्बच नाही. रिझर्व्हचा पिवळा दिवा! टाकीत फ्लोटबरोबरच एक बारीक थर्मिस्टर असतो, पेट्रोलमध्ये बुडालेला असेतोवर थंड राहतो, उघडा पडला की तापतो आणि दिवा पेटवतो, त्याचा काट्याशी काही संबंध नाही, तो बल्ब असता तर काटा काहीही बोलू दे, मी बायपासवर भिजलो नसतो. बल्ब गेला कुठे, तर अप्परच्या (हेडलाइटच्या लांब झोताच्या) निळ्या दिव्यात. मागे कधीतरी अप्परचा बल्ब गेला असणार आणि कुणा वायरमनने नवीन आणायचा कंटाळा करून रिझर्व्हचा काढून तिथे लावला. हे केलं कुणी ते मला माहितीये, बाबांचा जुना ठरलेला माणूस, पण जाऊदे.

मी तिथे तीन तास होतो त्यातला दीड तास नुसता थांबलो, कारण माझ्याआधी एक जुनी जीप होती. तिचा काटा टाकी फुल असली तरी रिकामीच दाखवायचा. पोरग्याने टाकीतून पितळी फ्लोट काढला, कानाशी धरून हलवला आणि मालकाला हलवायला दिला, आत खळखळ. फ्लोटला बारीक भोक पडलं होतं, पेट्रोल आत शिरलं आणि तरंगायचा गोळा बुडाला. भोक डोळ्याला दिसत नव्हतं, मग गरम पाण्याच्या भांड्यात बुडवला, आतली हवा फुगली आणि एका कोपऱ्यातून बुडबुड्यांची बारीक माळ निघाली. तिथे सुईने खूण केली, आतलं पेट्रोल काढून, सुकवून, मग सोल्डर. त्या सुकवण्यातच वेळ गेला, पेट्रोलचा अंश असताना सोल्डरची तापलेली इस्त्री लावायची नाही म्हणून काका दोनदा ओरडले त्याच्यावर. थांबायला लागलं पण पैसे वसूल.

आणि एक माणूस आला होता, टॅक्सीसारख्या चालवलेल्या गाडीचे किलोमीटर कमी करून द्या म्हणून. काकांनी नुसतं भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे खडूने लिहिलंय, "किलोमीटर कमी करून मिळणार नाहीत. वय पण नाही."

बिल: तपासायचे 300, काम 400, बल्ब 20. सातशे वीस. कागदी बिल मिळत नाही, वहीच्या पानावर लिहून देतात आणि त्यावर तारीख टाकतात, सहा महिन्यांत परत झालं तर या म्हणाले. क्यूआर कोड आहे.

आता तक्रारी, कारण नुसतं कौतुक लिहिलं की लोकांना पेड वाटतं. बसायला जागा नाही, पाऊस आला की शेजारच्या बेअरिंगच्या दुकानात उभं राहावं लागतं. काका फोन उचलत नाहीत. नवीन गाड्या घेत नाहीत, ज्यांच्या काट्यांना आत छोट्या मोटरी आहेत आणि सगळं कॉम्प्युटरवरून चालतं त्या गाड्यांना सरळ सांगतात आधी स्कॅन करून कोड घेऊन या, मग बघू, आणि त्यात शंभरातल्या निम्म्यांना परत पाठवतात. आणि सगळ्यात मोठी तक्रार, डॅशबोर्ड परत बसवल्यावर दोन स्क्रू उरले. मी दाखवले तर काका म्हणाले, "कंपनी जास्तच देते." सिंहगड रोडच्या खड्ड्यांत आता ग्लव्ह बॉक्सकडून टकटक येते, आधी येत नव्हती. ते दोन स्क्रू मी अॅश ट्रेमध्ये ठेवलेत. मीटरमधला नवीन पिवळा बल्ब पण बाकीच्यांपेक्षा जरा जास्तच लखलखीत आहे, रात्री पेटला की डोळ्यात जातो, पण तो पेटावा हीच इच्छा होती त्यामुळे तक्रार नाही.

पाचपैकी चार स्टार. अर्धा स्टार टकटकीचा कापला आणि अर्धा पार्किंगचा.

ग्रुपवरचा मेसेज डिलीट करायला गेलो तर वेळ उलटून गेली होती, मग तिथेच लिहिलं की चोरी वगैरे काही नव्हतं, गाडीचा प्रॉब्लेम होता, सॉरी. चार जणांनी अंगठे दिले. वॉचमन मामांना खाली जाऊन वेगळं सांगितलं, ते म्हणाले "मला माहिती होतं."

थोडी अपडेट देतो, आता पाच आठवडे झालेत. मधे सलग आठ दिवस पाऊस होता, रोज लाइट लावून आलो, टेम्परेचरचा काटा निम्म्याच्या खाली, हललेला नाही. पेट्रोलचा काटा रात्री जेवढा तेवढाच सकाळी. फक्त घरात नवीन वाद सुरू झालाय. आधी संध्याकाळी गाडी बायको घेऊन जायची तेव्हा काटा नेहमी पाव टाकीच्या वर दिसायचा, आता खरा दिसतो, खाली. तिचं म्हणणं आहे की नाना पेठेत नेल्यापासून गाडी पेट्रोल जास्त पिते.